ध्वजवंदनानंतर ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालावे का?

मूळ लेखक, वेंगुर्ले

आमच्या गावात पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणावर ध्वजवंदन होते, भाषणे होतात, खाऊ वाटला जातो आणि दहाच्या आत गाव पांगतो. यंदा ग्रामसभेत मी असे सुचवले आहे की त्यानंतर मुलांसह सर्वांनी देवळात जमावे आणि मानकऱ्यांनी, म्हणजे देवळात पिढीजात मान असलेल्यांनी, देशासाठी गाऱ्हाणे घालावे, म्हणजे देवापुढे सर्वांच्या वतीने मागणे मांडावे. मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. ते ठिकाण आमच्याच तालुक्यात असूनही मुलांना त्याची माहिती नसते. गाऱ्हाण्यात आपण पाऊसपाणी, भातशेती, मुंबईचा चाकरमानी, दर्यावर गेलेला होडीवाला अशा साऱ्यांसाठी मागणे मागतो आणि प्रत्येक मागण्यावर सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. ज्यांच्यामुळे आपण स्वतंत्र झालो आणि जी आपली मुले आज सीमेवर उभी आहेत, त्यांची आठवण तेवढी तिथे नसावी, हा मला कृतघ्नपणा वाटतो.

प्रतिसाद, महाड

आपली कळकळ पटते, प्रस्ताव पटत नाही. मी ज्या गावातून लिहितो तिथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. स्वातंत्र्याला जेमतेम तीन महिने उरले असताना, मे १९४७ मध्ये, आपल्या कोकणातल्या पालगडच्या साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. ही आठवण ज्या घरांत अजून ताजी आहे, त्यांना देशाबद्दलची कृतज्ञता देवळात येऊन व्यक्त करा असे सांगणे मला जड जाते. झेंड्याखाली मान कोणाचा हा प्रश्नच उद्भवत नाही; गाऱ्हाण्याच्या वेळी तो पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. मुसलमान खलाशाने आणि ख्रिस्ती कुटुंबाने तेव्हा कुठे थांबायचे? शिवाय राज्यघटनेच्या कलम २८ नुसार शासनमान्य शाळेतील मुलाला पालकांच्या संमतीवाचून तिथल्या उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. शाळेच्या कार्यक्रमाला जोडूनच मुलांना देवळात नेणे या तत्त्वाच्या विरुद्ध आहे.

प्रतिसाद, उरण

आमच्याकडे चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि त्यात नाग्या कातकरी हुतात्मा झाले. माझी आजी तिथल्या हुतात्म्यांच्या स्मारकापुढे नारळ ठेवून हात जोडत असे. तिला कृतज्ञतेची दुसरी रीत ठाऊक नव्हती आणि तिच्या भावनेत कमीपणा होता असे मी कधीही म्हणणार नाही.

मूळ लेखक, वेंगुर्ले

शाळेच्या मुलांबाबतचा आक्षेप योग्य आहे. तो भाग मी मागे घेतो. परंतु श्रद्धा घरी ठेवून या, असे सणाच्या दिवशी गावाला कसे सांगायचे? २०१९ साली नारळी पौर्णिमा पंधरा ऑगस्टलाच आली, तेव्हा सकाळी झेंड्याला वंदन करून आलेल्या गाबीत मच्छीमार बांधवांनी त्याच दिवशी दर्याला नारळ वाहिला. त्यांना या दोहोंत विरोध दिसला नाही.

प्रतिसाद, महाड

विरोध त्यांच्या नारळाला नाही, कारण तो वाहण्याचा ठराव ग्रामसभेने केला नव्हता. आपण गाऱ्हाणे जरूर घाला, मात्र ते भाविकांचे म्हणून घाला. शिरोड्याच्या सत्याग्रहींची आणि गावातल्या जवानांची नावे आधी पटांगणावर, झेंड्याखाली, सर्व वाड्यांसमोर वाचली जावीत.

मूळ लेखक, वेंगुर्ले

नावे पटांगणावर वाचण्याचे मी ग्रामसभेत मांडतो. गाऱ्हाणे ठरावातून वगळावे की नाही, यावर मात्र मानकऱ्यांशी बोलल्यावाचून मी शब्द देऊ शकत नाही.