159-0 : केल सँडरसनच्या हिशोबात नेमकं काय धरतात? आणि तो घोटा कसा ओढायचा?

लाल_माती

मंडळी, अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीबद्दल जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीचा केल सँडरसन चार वर्षं अजिंक्य राहिला, 159 विजय आणि शून्य हार, हे सगळीकडे वाचायला मिळतं. पण तो कॉलेजात होता पाच वर्षं, आणि पहिल्या वर्षी हरलाही होता असं काही जण लिहितात. मग 159-0 धरायचं कसं?

दुसरं म्हणजे, समोरच्याला माहीत असायचं की हा घोट्याला हात घालणार, तरी तो घालायचाच. आपल्याकडे पट काढतात, म्हणजे पाय धरून पाडतात, एकेरी असो वा दुहेरी, पण नुसता घोटा धरून माणूस बसवणं क्वचित दिसतं. तालमीतल्या पोरांना शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी?

तिसरं, ऑलिंपिकची फ्रीस्टाईल आणि त्यांची कॉलेजची कुस्ती एकच का? नसेल तर त्याला तिथं जड गेलं का?

पंचाची_शिट्टी

आधी हिशोब. हंगामवार 39, 40, 40, 40. बेरीज 159. हे 1998-99 ते 2001-02 असे चार हंगाम.

त्याआधीचं 1997-98 हे त्याचं ‘रेडशर्ट’ वर्ष. तिकडच्या नियमात विद्यार्थ्याला चार हंगाम खेळायला पाच वर्षं मिळतात. एक वर्ष संघासोबत सराव करायचा, पण संघातर्फे लढायचं नाही. त्या वर्षी खुल्या स्पर्धांत कुणी वैयक्तिक उतरलं तर त्या कुस्त्या कॉलेजच्या नोंदीत येत नाहीत. सँडरसन त्या वर्षी हरला होता हे खरं आहे, आणि 159-0 हेही खरं आहे. यात लपवाछपवी काही नाही, कारण हा नियम सगळ्यांना सारखाच लागू होता.

आता कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या त्याच्या चार अंतिम लढती. 1999 ला 184 पौंडात, म्हणजे साधारण साडेत्र्याऐंशी किलोत, मिनेसोटाच्या ब्रँडन एगमवर 6-1. 2000 ला सेंट लुईसमध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या व्हर्टस जोन्सवर 19-6. 2001 ला आयोवा सिटीत ओक्लाहोमा स्टेटच्या डॅनियल कॉर्मियरवर 8-4. हा कॉर्मियर तोच, जो पुढे यूएफसीत, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या व्यावसायिक लढतींत, दोन गटांचा विजेता झाला. शेवटच्या वर्षी सँडरसन 197 पौंडात, म्हणजे जवळजवळ साडेएकोणनव्वद किलोत चढला आणि 2002 ला ऑल्बनीत लीहाय युनिव्हर्सिटीच्या जॉन ट्रेंगला 12-4 ने हरवलं. चारही वर्षं स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट मल्ल तोच ठरला. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज मल्लाची हॉज ट्रॉफी तीनदा मिळाली, 2000 ते 2002.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. त्या चार वर्षांत आयोवा स्टेटला सांघिक विजेतेपद एकदाही मिळालं नाही. 1999 आणि 2000 आयोवा युनिव्हर्सिटीनं (ही आयोवा स्टेटहून वेगळी) नेलं, पुढची दोन मिनेसोटानं. त्यामुळे त्याच्या प्रत्येक कुस्तीवर संघाचं ओझं असायचं. दोन कॉलेजांच्या सामन्यात साध्या गुणविजयाला संघाला 3 गुण मिळतात, 8 ते 14 च्या फरकाला 4, पंधराच्या फरकाला 5 आणि चितपटीला 6. म्हणून 10-2 ने पुढे असलेला मल्लही थांबत नाही. सँडरसनच्या कुस्त्या पाहताना हे डोक्यात ठेवा, नाहीतर ‘जिंकलाय की, आता कशाला धडपडतोय’ असं वाटत राहतं.

गदाधर

शिट्टी साहेबांच्या हिशोबात वजनाची भर घालतो, कारण ती सुटली तर काळ कळत नाही.

1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या कॉलेजांचे मल्ल वजन उतरवताना दगावले. रबरी सूट घालून, गरम खोलीत, पाणी तोडून घाम काढणं चालू होतं. जानेवारी 1998 मध्ये नियम बदलले. रबरी सूट आणि सौना बंद. आदल्या दिवशी वजन देऊन रात्रभर खाऊन-पिऊन फुगायची सोय गेली, वजन कुस्तीच्या तास-दोन तास आधी व्हायला लागलं. गटही बदलले. आज दिसतात ते 125 पासून 197 पर्यंतचे आकडे आणि वरचा हेवीवेट गट 1998-99 पासूनचे. म्हणजे सँडरसनचा पहिला मोजला गेलेला हंगाम हा नव्या गटांचाही पहिलाच हंगाम.

आता हंगामाच्या सुरुवातीला अंगात पाणी पुरेसं आहे का हे पाहायला लघवीची घनता तपासतात, ती 1.020 च्या आत लागते. मग अंगातली चरबी मोजून खालचा गट ठरतो. उतरायचं तर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त नाही. 80 किलोच्या पोराला आठवड्याला 1 किलो 200 ग्रॅम. आपल्याकडे अजून स्पर्धेच्या आदल्या दोन दिवसांत चार-पाच किलो काढायला लावणारे आहेत. कृपा करून हे थांबवा. पाणी तोडलेल्या माणसाची पकड पहिल्या दोन मिनिटांनंतर सुटते, आणि ते सगळ्यात कमी नुकसान झालं.

मॅटवरचा

विजेतेपदांची तुलना करायची असेल तर सावकाश करा. पॅट स्मिथ हा चार वेळा जिंकणारा पहिला, 1990 ते 1994 मध्ये, ओक्लाहोमा स्टेटकडून. कॉर्नेलच्या काइल डेकनं 2010 ते 2013 चार वर्षांत चार वेगळ्या गटांत जिंकलं, 141, 149, 157 आणि 165 पौंड, तेही रेडशर्ट वर्ष न घेता. पेन स्टेटच्या कार्टर स्टारोचीची तर पाच, 2021 ते 2025. पाचवं शक्य झालं कारण कोविडमुळे 2020-21 चा हंगाम कुणाच्याच चार वर्षांत धरला नाही.

माझ्या मते डेकची कामगिरी सँडरसनच्या अगदी खांद्याला खांदा लावते. दरवर्षी गट बदलला की समोरची सगळी माणसं नवी, त्यांची ताकद जास्त. पण डेकच्या नावावर 137 विजयांसोबत 4 हारी आहेत, स्टारोचीच्याही नावावर हारी आहेत. एकही डाग नसलेला सँडरसन एकटा.

डॅन गेबलचं नाव निघतंच. तोही आयोवा स्टेटचाच. शाळा आणि कॉलेज मिळून 181 विजय, हार एकच, तीही 1970 च्या अंतिम फेरीत वॉशिंग्टनच्या लॅरी ओविंग्जकडून 13-11 ने, कॉलेजातल्या शेवटच्या कुस्तीत. गेबलला चार विजेतेपदांची संधीच नव्हती, त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात उतरता येत नसे. गेबलला कमी लेखणाऱ्यांनी हे विसरू नये. दोन वर्षांनी म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्यानं एकही गुण न देता सुवर्ण घेतलं.

पट_पकड

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तिकडे याला ‘अँकल पिक’ म्हणतात. नाव घोट्याचं असलं तरी हा डाव मानेचा आहे. हात घोट्याला शेवटी जातो.

उजव्या हातानं करणाऱ्यासाठी सांगतो. उजवा पंजा समोरच्याच्या मानेच्या मागे, कवटी संपते त्या खळगीत. बोटं जुळलेली, अंगठा वेगळा नाही. कोपर खाली, त्याच्या छातीला टेकलेलं. कोपर वर तरंगलं की तो खालून हात घालून मान सोडवतो. डावा हात त्याच्या उजव्या मनगटावर किंवा दंडावर. तोच हात पुढे त्याचा उजवा घोटा धरणार आहे.

आता त्याला चालवायचं. मान खाली ओढत अर्धगोल फिरायचं, म्हणजे तोल सावरायला त्याला उजवा पाय पुढे टाकावाच लागतो. तो पाय जमिनीला टेकतो त्या क्षणी त्याचं डोकं त्याच गुडघ्यावर दाबायचं. डोक्याचं वजन त्या पायावर आलं की तो पाय उचलता येत नाही. सगळा डाव या एका क्षणाचा आहे. पाय हवेत असताना हात घातला तर तो सहज मागे घेतो, आणि टेकून सेकंद उलटला तर वजन मागच्या पायावर गेलेलं असतं.

डोकं दाबतानाच आपण खाली जायचं, कमरेत वाकून नाही तर गुडघ्यात बसून. पाठ सरळ, नजर वर. डावा गुडघा त्याच्या पायाजवळ घसरत टेकतो, आपटत नाही. डावा पंजा टाचेच्या मागे वाटीसारखा. नडगीवर नाही, पोटरीवर नाही, टाचेवरच. मग टाच आपल्याकडे आणि वर, आणि मानेवरचा उजवा हात त्याला पलीकडे ढकलतो. दोन्ही एकाच वेळी. तो बसतो. बसला की टाच सोडायची नाही, छाती त्याच्या मांडीवर चढवून ताबा पुरा करायचा.

सँडरसनचं वेगळेपण असं की तो मान सोडत नसे आणि थांबत नसे. पहिला प्रयत्न फसला की पुन्हा चालवणं, पुन्हा डोकं दाबणं. समोरचा घोटा वाचवायला पाय मागे ठेवून उभा राहिला की कंबरेतून वाकतो, मग त्याला मानेनं खाली खेचून पाठीमागे जाता येतं. एका भीतीतून दुसरा डाव निघतो. माहीत असूनही अडवता येत नव्हतं ते यामुळे.

लाल_माती

फार उपयोगी. शिट्टी साहेब, गदाधर, मॅटवरचा, सगळ्यांचे आभार. एक अडचण आधीच दिसते. पोरं मान सोडून दोन्ही हातांनी पायाकडे झेपावतात आणि तोंडावर पडतात. हे कसं मोडायचं? शिवाय मातीत पाय रुततो, गुडघा घसरत नाही.

पट_पकड

झेपावणं मोडायला पहिला आठवडा घोट्याला हात लावूच देऊ नका. जोड्या लावा. एकानं फक्त मान धरून चालवायचं आणि दुसऱ्याचा ठरलेला पाय पुढे आणायचा. पाय टेकला की ‘हा’ म्हणायचं, बस. दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. कान आणि हात पायाच्या ठेक्याला जुळले की दुसऱ्या आठवड्यात बसणं, तिसऱ्यात टाच. तरी कुणी झेपावलंच तर जोडीदारानं मान खाली दाबून पाठीमागे जायचं. त्यानं एकदा गुण गमावला की पाठ आपोआप सरळ राहते.

मातीत गुडघा घसरणार नाही, खरं आहे. तिथं गुडघा न टेकता खोल बैठक घ्या आणि पाऊल त्याच्या पावलाच्या बाहेर टाका. माती ओली असेल तर टाच सटकते, मग टाचेच्या वर, घोट्याच्या हाडामागे पकडा. आणि एक खूण लक्षात ठेवा. डाव नीट झाला तर तो ढुंगणावर बसतो. तो एका पायावर उड्या मारत मागे जात असेल तर तुमचा मानेवरचा हात आधीच सुटलेला आहे.

पंचाची_शिट्टी

तिसरा प्रश्न राहिला. दोन्ही कुस्त्या मॅटवर, पण एक नाहीत.

कॉलेजची कुस्ती सात मिनिटांची, तीन फेऱ्या, 3-2-2 मिनिटांच्या. सँडरसनच्या काळी उभ्या माणसाला खाली आणून ताबा घेतला की 2 गुण (2023-24 पासून 3), खालून सुटला की 1, खालून उलटून वर आला की 2. वर राहिल्याचं घड्याळ चालतं, दोघांच्या वेळेत मिनिटाचा फरक पडला की शेवटी 1 गुण. पाठ धोक्यात आणली तरी ती धरून ठेवावी लागते, दोन सेकंदांना 2 आणि पाच सेकंदांना 3 असं त्या वेळी होतं. खांदे टेकवून एक पूर्ण सेकंद दाबले की चीत.

फ्रीस्टाईलमध्ये सुटण्याला गुण नाही, वर बसून राहण्यालाही नाही. पाठ क्षणभर मॅटकडे वळली तरी समोरच्याला गुण. कॉलेजात वाढलेला मल्ल खाली सापडला की गडगडत निसटतो, ती सवय इथं महागात पडते. आपल्याकडे मातीतून मॅटवर जाणाऱ्यांचं दुखणं वेगळं पण जातीचं तेच. खाशाबा जाधव 1948 ला लंडनला उतरले तेव्हा मॅट त्यांना नवीन होती, तिथं सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्य घेऊनच परतले.

सँडरसनलाही जड गेलं. 2003 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत रशियाच्या साझिद साझिदोव्हकडून हरला, रौप्य मिळालं. 2004 ला अथेन्समध्ये 84 किलोत उपांत्य फेरीत क्युबाच्या योएल रोमेरोला हरवलं आणि अंतिम कुस्तीत कोरियाच्या मून इउई-जेला 3-1. तेव्हा फ्रीस्टाईलमध्ये ताब्याला एकच गुण होता. कॉलेजात 19-6 ने अंतिम फेरी मारणारा माणूस इथं एकेका गुणासाठी झगडत होता.

घोट्याबाबत फ्रीस्टाईलसाठी एवढंच सांभाळा. टाच ओढताना स्वतः कुशीवर कलंडू नका. तो बसता बसता तुमच्या मानेला लटकला आणि तुमची पाठ वळली, तर पंच त्याच्या नावावर 2 गुण लिहील. म्हणून तो खाली गेल्यावर आधी गुडघे तुमच्या पोटाखाली घ्या, मगच छाती चढवा.