सी ड्राइव्ह भरला म्हणून फोल्डर हलवले : तुमचे अनुभव सांगा

गेल्या आठवड्यात घरच्या कॉम्प्युटरवर सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. १२८ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क), जी विंडोज ११९ म्हणून दाखवतं, आणि तिच्यात जेमतेम दीड जीबी उरलेलं. शेजारी एक टीबीचा डी ड्राइव्ह जवळजवळ रिकामा! डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज हे सगळे फोल्डर सीवरच्या यूझर्समध्ये, आपल्या नावाच्या फोल्डरात राहतात, हे माहीत होतं. पण ते तिथून हलवता येतात हे इतकी वर्षं डोक्यातच आलं नाही.

केलं ते असं. आधी डीवर प्रत्येकासाठी वेगळा रिकामा फोल्डर बनवला. मग पिक्चर्सवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन टॅब, मूव्ह, डीवरचा नवा फोल्डर निवडला, अप्लाय. जुन्या जागेतल्या सगळ्या फायली नव्या जागी न्यायच्या का, असं विंडोज विचारतं. तिथे 'होय' म्हणायचं. 'नाही' म्हटलं तर फायली मागेच राहतात, आपण रिकामा फोल्डर उघडतो आणि छातीत धस्स होतं. फोटोंना पाऊण तास लागला, बाकीचे पटापट झाले. ब्राउझर, फोटो बघायचा प्रोग्रॅम, वर्ड, सगळ्यांनी नवी जागा आपोआप ओळखली.

माझं सुरळीत पार पडलं, पण प्रत्येकाचं तसं होत नाही हे आजूबाजूला ऐकलंय. म्हणून हा धागा. काय हलवलंत, कुठे अडलात आणि कसे सुटलात ते सविस्तर लिहा. विंडोजच हवं असं नाही.

*

वेगळा फोल्डर बनवायचा हे वाक्य ठळक करा, माझी कळकळीची विनंती आहे. मी डाउनलोड्स थेट डी ड्राइव्हवरच हलवलं, आत फोल्डर न बनवता. दुसऱ्या मिनिटाला माझ्या डी ड्राइव्हचंच नाव 'डाउनलोड्स' दिसायला लागलं. घाबरून रिस्टोअर डीफॉल्ट (फोल्डर मूळ जागी परत नेणारं बटण) दाबलं, फायली हलवायला होय म्हटलं, आणि अख्खा डी ड्राइव्ह उचलून सीवर न्यायला सुरुवात झाली. सीवर जागा नव्हती म्हणून ते मध्येच थांबलं. अर्ध्या फायली इकडे, अर्ध्या तिकडे. त्या रात्री एकेक फोल्डर उघडून जुळवत बसलो होतो.

शेवटी रजिस्ट्री एडिटर उघडला. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंगची नोंदवही. करंट यूझरखाली 'यूझर शेल फोल्डर्स' नावाची जागा आहे, तिथे प्रत्येक फोल्डरचा पत्ता लिहिलेला असतो. डॉक्युमेंट्स तिथे 'पर्सनल' या नावाने आहे, आणि डाउनलोड्सला तर नावच नाही, महिरपी कंसातला लांबलचक आकडा आहे. तो पत्ता हाताने जुन्या जागेचा केला, लॉग आउट करून परत आलो आणि डी ड्राइव्हच्या मुळाशी लपलेली 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' ही फाइल पुसली. तीच ते नाव दाखवत होती. दोन फोल्डरांना एकच पत्ता दिला तरी अशीच गुंतागुंत होते, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि वेगळे करता करता नाकी नऊ येतात. ज्यांना रजिस्ट्रीची सवय नाही त्यांनी तिथे हात घालण्याआधी तिची एक्स्पोर्ट करून प्रत ठेवा.

*

मी एक पाऊल पुढे गेलो होतो. सुटे फोल्डर कशाला, अख्खं प्रोफाइलच, म्हणजे यूझर्समधला आपल्या नावाचा पूर्ण फोल्डरच, डीवर नेऊ असं ठरवलं. ॲपडेटासकट. ॲपडेटा म्हणजे तो लपवलेला फोल्डर, ज्यात लोकल, लोकललो आणि रोमिंग असे तीन भाग असतात आणि सगळे प्रोग्रॅम आपापल्या सेटिंग ठेवतात.

रोबोकॉपीने (फायली कॉपी करायची विंडोजची कमांड) कॉपी लावली. तासाभराने पाहिलं तर 'ॲप्लिकेशन डेटा'च्या आत 'ॲप्लिकेशन डेटा', त्याच्या आत पुन्हा तेच. संपतच नव्हतं. ते खरे फोल्डर नसतात, जुन्या प्रोग्रॅमांना वाट दाखवणारे दुवे असतात. एक्सपीच्या काळात हे सगळं 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये होतं, व्हिस्टापासून 'यूझर्स' आलं आणि जुन्या पत्त्यांवर असे दुवे ठेवले गेले. रोबोकॉपीला 'एक्सजे' हा पर्याय दिला असता तर तिने ते वगळले असते.

एक्सजे देऊन पुन्हा केलं, रजिस्ट्रीत प्रोफाइलची जागा बदलली, कॉम्प्युटर सुरूही झाला. वर्षभर छान चाललं. मग मोठा अपडेट आला आणि तो बसेना. दर वेळी अर्ध्यावर जाऊन मागे फिरायचा. कारण मीच केलेला तो बदल होता. अख्खं प्रोफाइल दुसऱ्या ड्राइव्हवर असलं की मोठे अपडेट अडतात, हे मायक्रोसॉफ्टच्या माहितीतच लिहिलेलं आहे. मी ते नंतर वाचलं. सगळं नव्याने टाकावं लागलं. आता फक्त सुटे फोल्डर हलवतो आणि ॲपडेटा आहे तिथे सुखाने राहू देतो.

*

ॲपडेटाबद्दल सहमत, फक्त एक अपवाद. आयफोनचा बॅकअप आयट्यून्स तिथेच, 'मोबाइलसिंक'मध्ये ठेवतं आणि माझा ६० जीबींच्या वर गेला होता. फक्त तो एक 'बॅकअप' फोल्डर डीवर नेला आणि जुन्या जागी 'एमकेलिंक' या कमांडने जंक्शन, म्हणजे नव्या जागेकडे नेणारा दुवा, बनवलं. आयट्यून्सला कळतही नाही. जंक्शन जिथे बनवायचं तो ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा, एक्सफॅट पद्धतीच्या ड्राइव्हवर जंक्शन बनत नाही.

*

आमच्या आईचा कॉम्प्युटर. तिचा डेस्कटॉप मी बाहेरून जोडायच्या डिस्कवर हलवला होता, कारण आत दुसरा ड्राइव्हच नव्हता. एका सकाळी तिचा फोन आला, "अरे, माझं सगळं गेलं." पडद्यावर फक्त रीसायकल बिन आणि एक सूचना, अमुक जागा उपलब्ध नाही म्हणून. तिने गोष्टींचं लिखाण डेस्कटॉपवरच ठेवलेलं, दोन वर्षांचं. आवाजावरूनच कळत होतं की ती रडली आहे.

गेलं काहीच नव्हतं. आदल्या दिवशी तिने डिस्क काढून पेनड्राइव्ह लावला होता, त्याने 'ई' हे अक्षर घेतलं आणि नंतर जोडलेल्या डिस्कला 'एफ' मिळालं. विंडोज मात्र ईवरच डेस्कटॉप शोधत होतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कला 'पी' हे अक्षर कायमचं दिलं. मग डेस्कटॉपचा पत्ता आधी सीवरचा केला आणि तो तिथेच ठेवला. डिस्कवर आता फक्त व्हिडिओ आहेत. काढता येणाऱ्या डिस्कवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ठेवू नयेत, असं माझं ठाम मत झालंय. माणसाला सकाळी उठल्यावर आपल्या वस्तू जागेवर दिसल्या पाहिजेत.

*

वरच्यासारखंच, पण कारण वेगळं : माझा डी ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजची ड्राइव्ह एन्क्रिप्ट करायची सोय) कुलूपबंद होता. लॉगिननंतर त्याचा पासवर्ड दिल्याशिवाय तो उघडायचा नाही, त्यामुळे डेस्कटॉप रिकामा. ऑटो अनलॉक चालू केल्यावर प्रश्न मिटला.

*

क्लाउडवर बॅकअप चालू असेल तर आधी तो थांबवा. त्याने माझं डॉक्युमेंट्स आधीच स्वतःच्या फोल्डरात नेलं होतं आणि मी लोकेशन टॅबमध्ये वेगळीकडे ओढत होतो. आधी क्लाउडचं खातं कॉम्प्युटरपासून सोडवलं, त्याचा मुख्य फोल्डर डीवर ठरवला, मग पुन्हा जोडलं. त्या क्रमाने एका दमात झालं.

*

लिनक्सवाल्यांसाठी. होम (यूझरच्या सगळ्या फायलींचा फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर, ठेवायची पद्धत इथे जुनीच आहे. मी कॉम्प्युटर लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवरून) सुरू करून आरसिंक या कॉपीच्या कमांडने सगळं नव्या पार्टिशनवर नेलं आणि एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीत, त्याचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) लिहिला. डिस्कचं नाव लिहिलं असतं तर वर आईच्या ड्राइव्हचं झालं तसं झालं असतं, कारण नावं बदलू शकतात, यूयूआयडी फॉरमॅट करेपर्यंत बदलत नाही. जुनं होम लगेच पुसलं नाही, नाव बदलून आठवडाभर ठेवलं. त्यानंतर दोनदा सिस्टिम नवी टाकली, होमला धक्काही लागला नाही.

*

विंडोजमध्येही नवी सिस्टिम टाकल्यावर डीवरच्या फायली जागेवर असतात, पण उघडताना परवानगी नाही म्हणून सांगितलं जाऊ शकतं. नाव तेच ठेवलं तरी विंडोजच्या लेखी आपण नवे यूझर असतो, कारण आतला ओळखक्रमांक बदललेला असतो. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमधून मालकी आपल्याकडे घेतली की उघडतात. मात्र विंडोजमधूनच फाइल एन्क्रिप्ट केली असेल तर मालकी घेऊन भागत नाही, जुनं सर्टिफिकेट लागतं. सिस्टिम पुसण्याआधी ते एक्स्पोर्ट करून घ्या. माझ्या चार फायली कायमच्या बंद आहेत.

*

धागा काढला ती मी. आईचा अनुभव वाचल्यावर उठून डी ड्राइव्हकडे पाहिलं. ती जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, पहिल्या कॉम्प्युटरमधून काढून यात लावलेली. मी एसएसडीवरचे सगळे फोटो तिच्यावर नेले आणि मूळ जागेवरून ते गेले, म्हणजे बाबांचे शेवटच्या वर्षातले फोटो आता फक्त तिच्यावर आहेत. स्मार्ट तपासणी (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती) केली तर रीॲलोकेटेड सेक्टर्सच्या रांगेत शून्य नव्हतं. डिस्क खराब जागा सोडून राखीव जागा वापरायला लागली आहे.

हे लिहिताना बाहेरच्या डिस्कवर कॉपी चालू आहे. ६१ टक्के झालंय. झालं की दोन्हीकडच्या फायलींची संख्या ताडून बघणार आहे. तोवर कुणी या वयाची डिस्क वापरत असेल तर स्मार्टमध्ये काय दिसतं ते लिहा.