सल्ला हवा: टांगता कीटकथवा, कोणता कीटक आणि कोणतं साहित्य? (ठाणे, बजेट १५ हजार)

तलावपाळी
ऑगस्टमध्ये ठाण्यात एका सभागृहात चार दिवसांचं प्रदर्शन आहे. मला ८ बाय ६ फूट जागा मिळालीय, स्लॅब ११ फुटांवर. कीटकांचा टांगता थवा करायचाय, साधारण ६०० नग. वर चार हुक आहेत, नवीन भोक पाडायला परवानगी नाही. एसी चालू असतो. कागद घ्यावा की ओएचपी शीट (पारदर्शक प्लॅस्टिक)? दोरा कोणता? बजेट १५ हजार, त्यापुढे नाही.

ऐरोली_सर्किट
काजवेच करा, दुसरा विचार नको. ईएसपी३२ (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि २०० पिक्सेल एलईडी, म्हणजे प्रत्येक दिवा वेगळा चालवता येतो. पूर्ण पांढऱ्यावर एक पिक्सेल ६० मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे १२ अँपिअर. ५ व्होल्ट २० अँपिअरचा सप्लाय घ्या. दर ५० दिव्यांनंतर वीज पुन्हा जोडा, नाहीतर टोकाचे दिवे लालसर होतात. ईएसपीचा सिग्नल ३.३ व्होल्टचा, त्यामुळे मध्ये तो ५ व्होल्टवर नेणारा लेव्हल शिफ्टर हवाच. प्रत्येक काजव्याला स्वतःचं घड्याळ द्यायचं आणि दुसरा कुठलाही चमकला की ते किंचित पुढे ढकलायचं. एवढ्या एका नियमावर सगळे एका ठेक्यात येतात, हे मिरोलो आणि स्ट्रोगॅट्झ यांनी १९९० मध्ये गणिताने दाखवलंय. ४० हजारांत उत्तम होईल.

वागळे_कटर
बजेट १५ आहे हो. १२५ मायक्रॉनची पॉलिस्टर शीट घ्या आणि लेझरने कापून घ्या. ७ सेंमीचा नग धरला तर एका ए४ मध्ये १२ बसतात, ५० शीटमध्ये काम झालं. घेताना पीव्हीसी नाही ना, हे विचारून घ्या. पीव्हीसी लेझरखाली क्लोरीनचा विषारी धूर सोडतं, मशीनही गंजतं. चांगला दुकानदार हातच लावणार नाही. फेवीक्विक टाळा, पारदर्शक शीटवर त्याच्या वाफेचा पांढरा डाग बसतो. कागदाचं नावही काढू नका, ऑगस्टच्या हवेत दोन दिवसांत मुडपतो.

नेरुळची_माया
टांगायचं कशाला? कार्लोस अमोरालेस या मेक्सिकन कलाकाराच्या 'ब्लॅक क्लाउड'मध्ये (२००७) हजारो काळे कागदी पतंग (उडवायचे नव्हे, कीटक) थेट भिंतीवर आणि छतावर चिकटवलेले असतात. फक्त धड चिकटवायचं, पंख मोकळे ठेवायचे, सावल्या आपोआप पडतात. दोरा नाही, जाळी नाही. ब्लू टॅक (पुन्हा काढता येणारी चिकट पुटी) वापरा. दुहेरी टेप काढताना डिस्टेंपर सोलून निघतो आणि अनामत रक्कम जाते.

घोडबंदर_१२
खरी वाळवलेली फुलपाखरं मिळाली तर? त्या रंगाची सर कशालाच नाही.

येऊर_पायवाट
नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या परिशिष्टांत कितीतरी फुलपाखरं आहेत आणि पेटीतलं पाहून जात ओळखणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही. ओवळ्याच्या फुलपाखरू उद्यानात जाऊन पाहा, फोटो काढा, रेखाटनं करा. विकत घेऊ नका.

मूळ प्रश्नाकडे. थवा नेमका कोणाचा, हे आधी ठरवा, कारण दोरा त्यावर ठरतो. टोळांच्या बिनपंखी पिल्लांची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की सगळी एकाच दिशेने चालू लागतात. म्हणजे टोळ करायचे तर प्रत्येक नगाचं तोंड जवळपास एकीकडे हवं. एका दोऱ्यावर टांगलेला नग एसीच्या झोताने गरगर फिरतो, म्हणून प्रत्येकाला पुढे आणि मागे असे दोन दोरे लागतील. १२०० गाठी! मधमाश्यांचं मोहोळ नव्या घराकडे उडतं तेव्हा वाट माहीत असलेल्या थोड्या माश्या वरच्या भागातून वेगाने पुढे झेपावतात. तिथे वरचे नग लांबट आणि विरळ ठेवायला हवेत. संध्याकाळी तळ्याकाठी डोक्यावर घोंघावणारी चिलटं मात्र कुठेच जात नसतात. नर एखाद्या खुणेवर, झुडपावर किंवा खांबावर, घिरट्या घालतात आणि बाहेर गेलेला परत मध्याकडे वळतो. तोंडं दहा दिशांना. त्यांना एकच दोरा पुरतो, नग फिरला तर उलट खरंच वाटतं.

वागळे_कटर
क्रेग रेनॉल्ड्सच्या १९८७ च्या बॉइड्सचे (संगणकावरच्या थव्याचे) तीन नियम आहेतच: आदळू नका, शेजाऱ्याच्या दिशेने जा, घोळक्यात राहा. थवा म्हटला की दिशा आलीच.

येऊर_पायवाट
पाखरांना लागू, चिलटांना नाही. चिलटांत दिशेचा नियम जवळजवळ गळतो, फक्त घोळक्याची ओढ उरते.

तुर्भे_फॅब्रिकेटर
वाद बाजूला ठेवा, जाळीचं बघा. १ इंची अ‍ॅल्युमिनियम चौकोनी पाइपची ८ बाय ६ ची फ्रेम, मध्ये एक आडवा पाइप, नाहीतर मध्यभागी झोळ येतो. त्यावर २ इंची वेल्डमेश (तारांची चौकोनी जाळी), केबल टायने. दोरा म्हणजे तंगूस (नायलॉनचा पारदर्शक दोरा), ०.२० मिमी. १२० दोरे, प्रत्येकावर ५ नग, २ मीटर लांबी. ३०० मीटर आणा. तंगूस रिळाचा पीळ सोडत नाही आणि हलका नग त्याला ताणू शकत नाही. म्हणून प्रत्येक टोकाला मासेमारीचं छोटं शिसं दाबून बसवा. नगाला दोन भोकं पाडून टाक्यासारखा तंगूस ओवा, गाठ लागत नाही आणि नग वरखाली सरकवता येतो. आधी फ्रेम छातीइतक्या उंचीवर टांगा, मधून बाहेर बांधत या, मग हळूहळू वर घ्या. समान अंतर ठेवलंत तर पडदा दिसेल. मध्ये दर घराला दोरा, कडेला चार-पाच घरं सोडून.

कोपरी_आर्ट
पीव्हीसी लेझरला देऊ नका. आणि शीट पॉलिस्टरचीच घ्या.

ऐरोली_सर्किट
१०० पिक्सेल घेतले तर २० हजारांत बसेल.

तलावपाळी
सगळ्यांचे आभार. चिलटं ठरली, फ्रेम तुर्भेकरांच्या मापाने. पण साहित्य काळा पतंगी कागदच, ३ सेंमीचे नग. २० कागदांची थप्पी स्टेपल करून कटरने कापणार, लेझरवर हा कागद उडेल किंवा जळेल. दमट हवेत प्रत्येक पंख वेगळा मुडपणार, तो वेगळेपणा मला हवाच आहे. पॉलिस्टरचे ६०० पंख अगदी सारखे दिसतात. खाली जमिनीवर एक काळा गोल ठेवणार, चिलटांची खूण म्हणून.

तुर्भे_फॅब्रिकेटर
मग हॅलोजन अजिबात नको, एलईडी स्पॉट लावा, तोही कागदापासून ३ फुटांवर. आणि १० टक्के नग जास्त कापा, पतंगी कागद ओवताना भोकाशी फाटतो. भोकावर आधी सेलोटेपचा तुकडा.