९ ऑगस्टची रॅली आणि जुम्म्याचं बयान: तडवी मुसलमानानं आदिवासी दिनाला जावं की नाही?

पायथ्याचा
मी तडवी भिल्ल, यावल तालुक्यातला. पाच वेळची नमाज होते असं म्हणणार नाही, पण जुम्मा, म्हणजे शुक्रवारची नमाज, चुकत नाही. पोराच्या दाखल्यावर 'तडवी भिल्ल, अनुसूचित जमाती' लिहिलंय.

झालं असं. यंदा ९ ऑगस्टला शनिवारी आदिवासी दिनाची रॅली निघाली. माझा नववीतला पोरगा कपाळाला पट्टी बांधून, आज्यानं बांबूचा करून दिलेला तीरकामठा घेऊन ढोलापुढे नाचला. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, पण पोराचा चेहरा काय खुलला होता! पुढचा शुक्रवार म्हणजे १५ ऑगस्ट. सकाळी मकतबच्या (मशिदीच्या शाळेच्या) अंगणात झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली. दुपारी त्याच आवारात मौलानांचं बयान (प्रवचन) झालं की मुसलमानाला दिवस दोनच, दोन ईद, बाकीचे सगळे 'डे' दुसऱ्यांचे, आणि त्यात नाचणारा त्यांच्यातलाच. नाव कुणाचं घेतलं नाही. पण पोरगा माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता, त्यानं मान काही वर केली नाही.

माझं म्हणणं असं की हा दिवस कुठल्या देवाचा नाहीच. १९८२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासींसाठीच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली, तिच्या आठवणीत १९९४ साली ९ ऑगस्ट ठरला. ही सरकारी कागदातून आलेली तारीख आहे. १५ ऑगस्ट चालतो तर ९ ऑगस्ट का नाही? ज्यांना दीनची (धर्माची) माहिती आहे त्यांनी बोलावं. शिव्या नकोत.

तालिब_जळगाव
भाई, पोराला सगळ्यांसमोर ओशाळं वाटेल असं बोलायला नको होतं. ते चुकलंच. पण मसला, म्हणजे दीनचा मुद्दा, चुकीचा नाही.

अबू दाऊद या हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) संग्रहात हजरत अनस यांनी सांगितलेली रिवायत आहे. मदिनेत लोक वर्षातले दोन दिवस खेळण्यात घालवायचे. हुजूर (स.), म्हणजे पैगंबर, यांनी सांगितलं की अल्लाहनं तुम्हाला त्याबदल्यात याहून चांगले दोन दिवस दिलेत. 'बदल्यात' हा शब्द बघा. जुन्या दोनांत नवे दोन मिळवून चार केले नाहीत. दुसरी हदीस तशब्बुहची, म्हणजे दुसऱ्यांची नक्कल करण्याची: जो ज्या कौमसारखा होऊ बघतो तो त्यांच्यातला. इब्न तैमिया या जुन्या धर्मपंडितांनी याच विषयावर आख्खी किताब लिहिली, सातशे वर्षं होत आली तिला.

आणि कागद कागद काय करता? रॅली निघायच्या आधी आदिवासींची देवी याहामोगी मातेच्या फोटोला हार घातला, नारळ फोडला, अगरबत्ती लावली. मी चोपड्याला स्वतः पाहिलंय. कागदावर तारीख असेल, चौकात ती पूजाच असते.

मास्तरीणबाई
मी मुस्लिम आहे, तडवी नाही. शाळेत शिकवते, त्यामुळे वर्षभर कुठला ना कुठला 'दिन' माझ्या मानगुटीवर असतोच.

तालिबभाई, त्याच अबू दाऊदमधली बुवानाची हदीसही सांगा ना. एका माणसानं बुवाना नावाच्या जागी उंट कापायचा नवस बोलला होता. हुजूरांनी त्याला दोनच गोष्टी विचारल्या: तिथं जाहिलियतमधली (इस्लामच्या आधीच्या काळातली) मूर्ती पुजली जायची का, आणि त्यांचा सण भरायचा का? नाही म्हटल्यावर सांगितलं, नवस पुरा कर. म्हणजे आधी चौकशी, मग हुकूम. सरसकट 'सगळे डे हराम' हे या हदीसमध्ये बसत नाही.

फिकहचा (धर्मशास्त्राचा) कायदा आहे की इबादत (उपासना) सोडून बाकी गोष्टी मुळात मुबाह, म्हणजे चालणाऱ्या; मनाई करणाऱ्यानं दलील (पुरावा) आणायची. हनफी पंथाचे तर उर्फला, म्हणजे लोकांच्या रूढ रिवाजाला, केवढं वजन देतात. शिक्षक दिन काय, झेंडावंदन काय, यात इबादत कुठली? आशुऱ्याचा, म्हणजे मोहरमच्या दहा तारखेचा, रोजा आठवा. मदिनेतले यहुदी हजरत मूसांच्या सुटकेच्या आठवणीत रोजा ठेवत होते. हुजूरांनी त्या दिवसाकडे पाठ फिरवली नाही, आपणही रोजा ठेवला.

तालिब_जळगाव
अर्धंच सांगितलंत. पुढे त्याच आशुऱ्याबद्दल त्यांचा इरादा होता की पुढच्या साली नऊ तारखेलाही रोजा ठेवू, वेगळेपण राहावं म्हणून. आणि तो रोजा होता, ढोल नव्हता.

बुवानाचं तर माझ्याच बाजूनं पडतं. तिथं मूर्ती नव्हती म्हणून परवानगी मिळाली. इथं फोटो आहे, हार आहे, नारळ आहे.

केळीवाला
मी हिंदू, रावेरकडचा. हदीसमधलं माले काय समजत नई भो, पण एक सांगतो, चालेल का बघा.

आपल्या खान्देशात सालदार (वर्षाच्या कराराचा शेतगडी) आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लागतो आणि आखाजीलाच सुटतो. आमचा सालदार तडवी, सोळा वर्षं झाली. आखाजीला त्याचा हिशोब, नवे कपडे आणि घरी जेवण, पुरणपोळी नि आमरस. आमच्यात त्या दिवशी पितरांची घागर पुजतात. आम्ही घागर पुजतो तोवर तो बाहेर ओट्यावर बिडी ओढत बसतो. पूजा उरकली की आई हाक मारते, तो हात धुऊन पंगतीला येतो. याच्यावर घरात कधी चर्चा झाल्याचं मला तरी आठवत नाही. आता ही आखाजी त्याची की माझी? त्याच्या पगाराचं वर्षच तिथं सुरू होतं.

(यंदा केळीच्या भावानं त्याचं आणि माझं दोघांचंही वर्ष बसवलंय, ते सोडा.)

तालिब_जळगाव
वा काका. तुमचा सालदार आमच्या निम्म्या मुफ्तींपेक्षा शहाणा. ओट्यावर बसतो, हेच तर मी कधीचं सांगतोय.

मास्तरीणबाई
नाही, तुम्ही ओट्यापर्यंतच सांगताय. काका पंगतीचंही बोलले. तुमच्या बयानात तो बिचारा ओट्यावरून थेट घरी जातो.

सूरह मुम्तहिनाची आठवी आयत आहे: जे तुमच्याशी दीनवरून लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घरातून काढलं नाही, त्यांच्याशी भलाईनं आणि इन्साफनं वागायला अल्लाह मना करत नाही. सोळा वर्षं ज्यांच्या घरची भाकर खाल्ली त्यांच्या पंगतीला पाठ दाखवणं यात भलाई कुठली?

धडगावचा_पावरा
मी आदिवासी. थोडं कडू बोलतो. ओटा-बिटा ऐकायला बरं वाटतं, पण आमच्या बाजूनं बघा. दाखला काढताना 'आम्ही भिल्ल', आणि याहामोगीला हार घालायची वेळ आली की 'आम्ही जरा बाहेर थांबतो'. पोरं विचारतात, हे आपले का? आमच्याकडे देव आणि डोंगर वेगळे नाहीत. पूजा काढून टाकली तर त्या रॅलीत राहिलं काय, डीजे?

पायथ्याचा
पावराभाऊ, लागलं, पण तुम्ही विचारलंत ते बरं झालं. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे, जमातींच्या आदेशात नाही. पावरा आणि तडवी भिल्ल यादीच्या एकाच नोंदीत आहेत, भिल्लांच्या. धर्म बदललेल्यांना यादीतून काढा, ही डी-लिस्टिंगची मागणी करणारे आमच्याकडे बोट दाखवून म्हणतात की हे आता आदिवासी राहिलेच नाहीत. ९ ऑगस्टला तडवी घरात बसला तर त्यांचं काम आम्हीच करून दिलं. तालिबभाई, जळगावात बसून हे दिसत नाही. तुम्हाला रॅली म्हणजे दुसऱ्यांचा डे. माझ्यासाठी ती हजेरी आहे. खाज्या नाईक १८५८ साली आंबापाणीला इंग्रजांशी लढला तो भिल्ल म्हणून. त्याच्या फोटोमागून चालायला मी दुसऱ्या कौमसारखा कशाला होऊ, ती माझीच कौम आहे.

तालिब_जळगाव
दीनची कौम आणि रक्ताची कौम यात गल्लत होतेय.

मास्तरीणबाई
गल्लत नाही. देवबंदचे मौलाना हुसैन अहमद मदनी यांनी १९३८ साली हेच मांडलं की कौम वतनावरून बनते, मिल्लत (धर्मसमाज) दीनवरून. त्यावर तेव्हाही रान उठलं होतं. मकतबात झेंडा लागतो तो याच बळावर. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेही यावल तालुक्यातच. झेंडा इथल्या मुसलमानाला कुणी बाहेरून आणून दिलेला नाही.

तालिब_जळगाव
झेंड्याला माझा विरोध नव्हताच, त्यात पूजा नाही. रॅलीत चालण्यालाही, ठीक आहे, मी हराम म्हणणार नाही. पण डीजेवर नाचणं, नारळाच्या वेळी पुढे उभं राहणं, याला जायज म्हणायला माझी जीभ वळत नाही. पोरगं नववीत आहे. आज ओट्याची हद्द त्याला बापानं दाखवली, उद्या तो स्वतः दाखवील का? मला भीती त्याची आहे. मसल्याचं नंतर बघू.

केळीवाला
हद्द दाखवायला आधी ओट्यापर्यंत तरी येऊ द्या पोराले.

धडगावचा_पावरा
नारळाच्या वेळी बाजूला उभे राहा, आमची ना नाही. पण ढोल सुरू झाला की या. आणि खाज्या नाईकाचा फोटो पुढच्या साली तुमच्याकडच्या कुणी धरावा.

पायथ्याचा
सगळं पोराला वाचून दाखवलं. बुवानाची गोष्ट त्याला आवडली, दोनदा विचारली. फोटो धरीन म्हणाला. नाचायचं काय, ते विचारल्यावर गप्प बसला, आणि मीही रेटलं नाही. मौलानांना भेटून आलो. पोराला उद्देशून बोललो नव्हतो, म्हणाले. चहा दिला. बयान मागे घेतलं नाही.

बाकी आता येत्या शुक्रवारी पोळा आहे, तोही जुम्म्यालाच. बैलांना हार-नैवेद्य शेजारच्या वाड्यात होतो, आमच्याकडे नुसतं धुणं नि रंगवणं. सकाळी सुकीवर नेऊन धुवायचे, आणि मग अकराच्या आत दोन्ही जोड्यांची शिंगं रंगवून झाली पाहिजेत, नाहीतर हिंगुळाच्या हातानं मशिदीत जावं लागेल.