मदत हवी आहे: फर्स्ट नेशनमध्ये आर्थिक विकासाचं काम करणाऱ्यांसाठी कोणतं प्रशिक्षण घ्यावं? (कॅनडा)

नमस्कार मंडळी,

मी कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका क्री फर्स्ट नेशनच्या (क्री या मूळ रहिवासी लोकांच्या समुदायाच्या) बँड ऑफिसात, म्हणजे समुदायाच्या स्थानिक शासनाच्या कार्यालयात, आर्थिक विकास विभागात आहे. बँडच्या कौन्सिलने यंदा एकाच कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणाचा खर्च मंजूर केलाय आणि नाव मला सुचवायचंय. ते माझ्या मनात पक्कं आहे: माझी इथलीच क्री सहकारी. बरीच वर्षं ऑफिस सांभाळतेय, घर न् घर ओळखते, पण पदवी नाही. मी उद्या दुसरीकडे जाईन, ती इथेच राहणार. पूर्वी गडचिरोलीत काम करताना पाहिलंय, २०११ मध्ये मेंढा (लेखा)च्या ग्रामसभेकडे बांबूचे वाहतूक परवाने आले आणि निविदा, हिशेब हे सगळं गावानेच हाती घेतलं. त्यामुळे शिकायला तिनेच जावं, यावर मी ठाम आहे.

प्रश्न कुठे पाठवायचं हा आहे. इकॉनॉमिक डेव्हलपर्स असोसिएशन ऑफ कॅनडाची 'ईसी.डी.' ही पात्रता सगळीकडे ओळखली जाते. वॉटरलू विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून तिकडे जाता येतं. पण त्याचा रोख मला मुख्यतः नगरपालिकांच्या कामावर वाटतो. रिझर्व्हचं, म्हणजे फर्स्ट नेशनसाठी राखून ठेवलेल्या जमिनीचं, गणितच निराळं. जमीन केंद्र सरकारच्या नावावर. इंडियन अ‍ॅक्ट या फर्स्ट नेशन्सबाबतच्या केंद्रीय कायद्याच्या कलम ८९ मुळे रिझर्व्हवरच्या फर्स्ट नेशन माणसाच्या मालमत्तेवर बाहेरची बँक सहसा जप्ती आणू शकत नाही, म्हणून साधं गॅरेज काढायलाही कर्ज मिळता मिळत नाही. मग आदिवासी वित्तसंस्थांकडे जायचं, जमीन भाडेपट्ट्याने द्यायची तर आधी लोकांचं मत घ्यायचं, आणि बँडची कंपनी चीफ-कौन्सिलच्या राजकारणापासून वेगळी ठेवायची. तिचं रोजचं काम हे आहे.

म्हणून माझा कल 'कँडो'कडे आहे. १९९० पासूनची, एडमंटनची ही संस्था खास याच कामासाठी टेक्निशियन आणि प्रोफेशनल अशी दोन पातळ्यांची प्रमाणपत्रं देते.

कोणी स्वतः केलंय का, किंवा करणाऱ्यांना ओळखता का? पदवी नसताना कामाचा अनुभव प्रत्यक्षात कितपत धरतात? नोकरी आणि लहान मुलं सांभाळून, घरचं इंटरनेट कमकुवत असताना जमेल का? आणि बँडच्या बाहेर, बँका किंवा प्रांतिक सरकारी खात्यांत, या प्रमाणपत्राला किंमत आहे का? आधी कँडो आणि मग ईसी.डी. असं कोणी केलं असेल तर तेही सांगा.

हे काम करणाऱ्या एखाद्या फर्स्ट नेशन बाईंशी तिची ओळख करून देता आली तर फार बरं होईल. माझ्यापेक्षा तिने थेट विचारलेलं बरं. कौन्सिलची बैठक महिनाअखेरीस आहे.