बॅचचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर माळ्यावर पडून आहेत, काय करावं?

माळ्यावरचा: एप्रिल 2021 मध्ये, कोविडच्या लाटेत, आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचने वर्गणी काढून हवेतून मिनिटाला 5 लिटर ऑक्सिजन काढून देणारे दोन कॉन्सन्ट्रेटर घेतले होते, पुण्यात बेड मिळेना तेव्हा रात्री दोनला स्कूटरवर दोन पायांमध्ये धरून ते मशीन नेलंय लोकांकडे, आणि जे कॉलेजात एकमेकांशी बोलायचे पण नाहीत ते रोज ग्रुपवर पेशंटचं ऑक्सिजन लेव्हल विचारायचे. आता ग्रुपवर नुसते गुड मॉर्निंग. मशीन द्यायचेत, कुणाला देऊ?

नळीफुंकर: आधी चालू करून बघा. आतल्या झिओलाइटला (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) दमट हवा लागली की ते बाद होतं, मशीन आवाज करतं पण ऑक्सिजन धड देत नाही. सर्व्हिसवाल्याकडून प्युरिटी तपासून घ्या, मगच द्या. नळी आणि बाटली नवीनच हवी.

डबेवाली ताई: रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात विचारा, डिपॉझिट घेऊन वापरायला देतात, सीओपीडीवाल्यांना (फुप्फुसाचा जुना आजार) अजून लागतं हो. आमची बॅच बीकॉमची, आम्ही डबे दिले, पण खरं काम म्हणजे बेड-ऑक्सिजनसाठी फॉरवर्ड आलेला प्रत्येक फोन नंबर आधी स्वतः लावून बघणं, दहातले आठ बंदच असायचे 😅

माळ्यावरचा: एक चालू झालं! दुसरं नुसतं पीं पीं करतंय. ग्रुपवर फोटो टाकला तर दोन वर्षं गप्प असलेला गडी म्हणतो, शनिवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो.

नळीफुंकर: त्याला म्हणावं उघडू नकोस, आधी फिल्टर साफ कर 🙏