मदत हवी आहे: हार्ट अटॅकनंतर नैराश्य नेमकं कसं पकडता?

अँजिओप्लास्टीनंतरच्या फेरतपासणीत पीएचक्यू-९ (नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घेताना घोळ होतो. झोप, थकवा, भूक हे प्रश्न आजारपणामुळेही गुण वाढवतात, त्यात बीटा ब्लॉकरचा (हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गोळीचा) थकवा. मग २७ पैकी १० गुण आले, तर ते मनाचे धरायचे की हृदयाचे? आधी पीएचक्यू-२, म्हणजे त्यातले पहिले दोनच प्रश्न, घेतले (६ पैकी ३ किंवा जास्त गुण आले तर पुढे तपासायचं) तर बरं पडतं, कारण त्यात उदासी आणि कशात रस न वाटणं एवढंच विचारलेलं असतं.

पण सून शेजारी बसली की आजोबांचं उत्तर ठरलेलं: ‘मला कसलं टेन्शन?’ इकडे महिन्याच्या गोळ्यांची पाकिटं अर्धी भरलेली, चालणं बंद, तंबाखू पुन्हा सुरू. खरं नुकसान बरंचसं इथूनच होतं.

गावाकडे ‘नैराश्य’ शब्द चालत नाही. ‘कशात मन लागतं का?’ चालतं. तुम्ही काय विचारता? पीएचक्यू-९ मधला जीव नकोसा होण्याचा नववा प्रश्न नातेवाइकांना बाहेर पाठवूनच घेता ना? आणि ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी औषधं) चालू असताना सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध दिलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यासाठी पँटोप्राझोल (पोटातलं ॲसिड कमी करणारी गोळी) सगळ्यांनाच जोडता, की फक्त वयस्कर आणि अल्सर होऊन गेलेल्यांना?